पळसाची हजेरी

"तालुक्यातील पळस फुलले असल्याने मला उद्या व परवा अशी दोन दिवसांची किरकोळ रजा मंजूर व्हावी, ही विनंती."

हा अर्ज मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. नुसता पाहिला नाही, आवक रजिस्टरला त्याची नोंदही मीच केली, कारण मोजणीच्या कार्यालयात नवीन लागलेल्या माणसाला पहिला महिना टपालावर बसवायची आमच्याकडे पद्धत होती. मला वाटलं, नव्या पोरीची कुणीतरी चेष्टा करतंय. मी तणतणत हेडक्लार्ककडे गेले. त्यांनी चष्म्यावरून अर्जाकडे पाहिलं, "फेब्रुवारी लागला वाटतं," एवढंच म्हणाले आणि अर्ज पुढे सरकवला.

अर्जदार म्हणजे आमचे तात्या. पन्नाशी ओलांडलेले मोजणीदार. शेताच्या हद्दी मोजायच्या, नकाशा काढायचा आणि कोपऱ्यावर दगड रोवून द्यायचा, हे त्यांचं काम. त्यांचं नाव मस्टरवर होतं, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. एकदा बदलून आलेल्या नव्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून समजावलं होतं, "अहो, पोटात दुखतंय असं लिहा. सगळे तेच लिहितात." तात्या म्हणाले, "पोट दुखत न्हाय, साहेब. पळस फुलल्यात. जे हाय ते लिवलंय." साहेबांनी सही केली. पुढे त्यांची बदली होईपर्यंत तेही दर वर्षी निमूट सही करत राहिले.

तात्या जाऊन आता दोन पळस झाले. असं मोजायची सवय त्यांचीच.

माझी आणि त्यांची गाठ खऱ्या अर्थाने पडली ती एका शनिवारी, कार्यालय सुटताना. फाटकाच्या आत ते मला 'मॅडम' म्हणत आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की 'पोरी'. यात कधी चूक होत नसे. फाटक ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, "पोरी, रविवारी काय करतीस?"

"कपडे धुते."

"कपडं काय कुठं पळून जात न्हायत. फुलं जात्यात. सकाळी सहाला ये."

मी बारामतीची. बंगल्यांच्या कॉलनीत वाढलेली, झाड म्हणजे सावलीला गाडी लावायची जागा एवढंच ज्ञान असलेली. शिवाय खोली भाड्याची, गाव परकं आणि लोकांच्या तोंडाला काही झाकण नसतं. तात्यांना ते माझ्याआधी सुचलं होतं. ते काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बरोबर घेऊन आले. काकू आमच्याबरोबर कालव्याच्या पहिल्या मोरीपर्यंत चालल्या, तिथे पदर पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "मी हितंच बसते. तुमी या हिंडून. आन् हिला जास्त पळवू नका." दोन तासांनी परत आलो तेव्हा त्या तिथेच होत्या आणि मांडीवर दशम्यांचं फडकं सोडलेलं होतं. पुढे कित्येक वर्षं फाल्गुनातले आमचे रविवार असेच गेले.

तात्या चालायचे ते मोजत. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं, ना कमी ना जास्त, आणि ते दहा वेळा टेप लावून पाहिलेलं होतं. पँटच्या पायाला सायकलची क्लिप, खांद्याला पिशवी, पिशवीत फिरकीच्या झाकणाचा तांब्या. आणि एक भिंग. जुन्या मोजणीची बारीक अक्षरातली टिपणं वाचायला खात्याने दिलेलं ते भिंग घेऊन हा माणूस वाटेवर गुडघे टेकून बसायचा आणि सराट्याचं फूल बघायचा. सराटा! पायात मोडला की आपण त्याच्या सात पिढ्या काढतो, तो सराटा. "बघ," म्हणायचे, "पाच पाकळ्या, हळदीवानी पिवळ्या. आपुन काटा तेवढा ध्यानात ठिवतो." मीही बसून बघायची. भुईरिंगणीचं जांभळं फूल, नेपतीच्या बिनपानाच्या झुडपावरची लाल फुलं, कुणाच्या तरी रानात बियाण्यासाठी सोडलेल्या कांद्याचे पांढरे गोंडे. हे सगळं आमच्या बारामतीकडेही असणार आणि मी कधी पाहिलंच नव्हतं, याची मला त्या वयात चांगलीच लाज वाटली.

पिशवीतली तिसरी वस्तू म्हणजे वही. लांबट, मस्टरसारखी आखलेली. डावीकडे झाडांची नावं, म्हणजे 'मोरीजवळचा पांगारा', 'माळावरची सावर', 'डाळज फाट्याचा पळस' अशी, आणि पुढे वर्षांचे रकाने. तात्या दर वर्षी झाडांची हजेरी घ्यायचे. फूल दिसलं की 'हजर'. शिवरात्र होऊन आठवडा गेला तरी कळीच असली, तर 'लेटमार्क'. एका सावरीला सलग तीन वर्षं लेटमार्क पडले, तेव्हा तिच्यापुढे उभं राहून त्यांनी तिची खरडपट्टी काढलेली मी ऐकली आहे. आणि झाड तोडलं गेलं, तर त्या रकान्यात ते 'बदली' असं लिहायचे. हायवे रुंद झाला त्या वर्षी डाळजच्या पळसापुढे 'बदली' पडली होती.

"कुठं?" मी गमतीने विचारलं.

"वर," ते म्हणाले आणि वही मिटली.

ती वही आता माझ्याकडे आहे. तिच्यात तात्यांचं नाव लिहून पुढे तो शब्द लिहावा, असं एकदा मनात आलं होतं. लिहिला नाही. ते नाटकी झालं असतं, आणि तात्यांना नाटक चालत नसे.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर पुष्कळ आहेत. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरले की पुण्याहून गाड्या भरून लोक येतात, गळ्यात हे एवढाले कॅमेरे. तात्यांना मी एकदा मुद्दाम तिकडे नेलं. सगळी गर्दी पाण्याकडे तोंड करून उभी आणि हा एकटा माणूस पाण्याकडे पाठ करून, काठावरच्या रुईच्या झुडपात भिंग घालून बसलेला. एका बाईंनी मला हळूच विचारलं, "त्यांचं काही हरवलंय का?" बारामतीला आमच्या घरी आले तेव्हा बाबांनी त्यांना अभिमानाने नवा वॉकिंग ट्रॅक दाखवला. दोन्ही बाजूंनी गुलाबी फुलांची परदेशी झाडं, खाली फरशी. तात्या सगळा ट्रॅक मान डोलवत चालले. मी विचारलं, "हजेरी?" तर म्हणाले, "ही डेप्युटेशनवर आल्याली हायत. ह्यांचं मस्टर येगळं." नंतर आईच्या हातचा चहा घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "साखर जास्त झाली." आई दोन दिवस माझ्यावर फुगून होती. मी तिला सांगितलं की ते कार्यालयात, हॉटेलात, स्वतःच्या घरी, सगळीकडे हेच म्हणतात. साखर चहाला कळली पाहिजे, जिभेला नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

फक्त मोजणीच्या जागी ते चहा घेत नसत. पाणीसुद्धा नाही. ज्याच्या रानाची हद्द मोजायची, त्याच्या घरचा घोट पोटात गेला की हात हलतो, असं म्हणायचे आणि तांब्याची फिरकी उघडायचे. आणि दगडाच्या बाबतीत तर विचारूच नका. मी नवीन असताना एका कोपऱ्यावर बोरीची जाळी होती, म्हणून मेख एक वीतभर अलीकडे ठोकली. काट्यातून कोण शिरणार! तात्यांनी नुसतं पाहिलं आणि सबंध मोजणी पहिल्यापासून करायला लावली. ऐन मार्चचं ऊन. मी रडत मोजणीची साखळी ओढत होते आणि हे बांधावर उभे. "खूण काट्याला भ्यायला लागली तर मानसांनी कुणाकडं बघायचं?" त्या दिवशी त्यांचा मला भयंकर राग आला होता. पण पुढे आयुष्यात मी वीतभर जरी इकडेतिकडे करायला गेले, तरी ते वाक्य कानात वाजतं.

आता निरवांगीच्या पळसाबद्दल सांगते.

निरवांगीहून नीरा नदीकडे जुनी गाडीवाट जाते. त्या वाटेच्या कडेला एक पळस होता, आहे. तालुक्यात त्याच्याइतकं फुललेलं झाड मी पाहिलं नाही. पान एक नाही आणि शेंड्यापासून बुडापर्यंत नुसतं केशरी. तात्या दर वर्षी तिथे जायचेच, पण तिथे गेल्यावर त्यांचं काहीतरी बिघडायचं. भिंग निघत नसे, गप्पा बंद. वहीत त्या झाडाचं नाव होतं, पण पुढचे सगळे रकाने कोरे. मी एकदा पेन काढून दिलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

झाडाला लागून आक्कांचं रान आणि रानात त्यांचं पत्र्याचं घर. मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कारखान्यावर कामाला. आक्का म्हणजे बारीक अंगाची, मोठ्या आवाजाची बाई. आम्ही दिसलो की दारातून हाक यायची, "मोजणीदार, च्या घिऊन जावा!" तात्या लांबूनच हात जोडायचे. "पुढच्या टायमाला, आक्का." मला वाटायचं, कधीकाळी इथे मोजणी केली असेल, तो नियम अजून पाळतायत. म्हातारीचं तोंड उतरायचं ते मात्र मला बघवत नसे.

तात्या निवृत्त झाले. गुडघे गेले, रविवार लहान झाले. आणि मग एका फेब्रुवारीत भर दुपारी ते काठी टेकत कार्यालयात आले. "मॅडम, जरा बाहेर येता?" आम्ही फाटकाबाहेरच्या टपरीपाशी गेलो. तिथेही ते मला 'मॅडम'च म्हणाले, तेव्हा मी चहा सांगायची थांबले.

"मॅडम, निरवांगीची वाट मोठी करनार म्हनं. उसाच्या ट्रॉल्या जायला. सोमवारी जेसीबी येनार."

"हो, आलंय पत्र. नवीन मोजणी नाही, आहे त्या दगडांप्रमाणे वाट मोकळी करायची."

"त्यो पळसापासचा दगूड चुकीचा हाय."

"कशावरून?"

"म्या रोवलाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. आक्कांच्या मालकांनी वाटेची हद्द मोजून मागितली होती. त्या माणसाने आधीच सांगून ठेवलं होतं की, पळस माझ्यात निघाला तर उद्याच तोडतो, त्याच्यावर पाखरं बसतात आणि ज्वारीचा दाणा ठेवत नाहीत. "आन् झाड तर सरळ त्याच्यात. फाल्गुन हुता, मॅडम. निस्तं पेटल्यालं हुतं झाड. म्या दोनदा मोजलं, दोनदा त्याच्यातच. तिसऱ्यांदा मोजलंच न्हाय. दगूड चार हात त्याच्या रानात सरकवला आन् म्हनलं, झाड वाटंवर हाय, सरकारचं हाय, हात लावायचा न्हाय."

त्याच दगडामुळे झाड इतकी वर्षं वाचलं होतं आणि आता त्याच दगडामुळे सोमवारी तोडलं जाणार होतं. वाटेवरचं झाड वाट रुंद होताना कोण ठेवतो? ते वाचवायचं तर दगड खोटा आहे हे कुणीतरी लेखी द्यायला हवं होतं. ते देणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याच्याजवळ मिळकत म्हणावी अशी एकच गोष्ट होती. ती म्हणजे तालुक्यात कुणीही डोळे मिटून म्हणायचं, तात्यांचा दगड म्हणजे दगड.

मला आधी रागच आला. "मला वीतभरासाठी रडवलंत उन्हात. आणि स्वतः चार हात?"

"व्हय."

"आता खरं बोलायची आठवण झाली!"

"खरं-बिरं काय न्हाय. झाडासाठी केलं, झाडासाठीच सांगतोय. मला मोठं करू नगा." त्यांनी खिशातून अर्ज काढला. अक्षर तेच, पळसाच्या रजेचं. "सदर खूण माझ्याकडून चुकून चार हात आत रोवली गेली" असं लिहिलेलं होतं. त्यातला 'चुकून' खोडून वर 'जाणूनबुजून' लिहिलं होतं.

मी म्हटलं, "तात्या, उद्या लोक म्हणतील, आणखी कुठले कुठले दगड हलवले."

"म्हनतील की."

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि फेरमोजणी लावली. ती माझ्याकडेच आली. शनिवारी सकाळी मी यंत्र घेऊन निघाले. आता साखळी गेली, रोव्हर आलाय, उपग्रहाला विचारून जागा सांगतो. तात्यांना म्हटलं, गाडी झाडापर्यंत जाते. ते ऐकेनात. गावापासून वाटेने चालत आले, काठी टेकत, मध्ये मध्ये गुडघा चोळत. वाटेत सराटे फुलले होते, त्यांनी खाली पाहिलं नाही.

पळस पुरा फुलला होता. सरपंच, दोन-चार माणसं, आक्का, सगळे जमले होते. मी यंत्र जुन्या टिपणाच्या खुणेवर लावलं. दगड चार हात आत होता, तात्यांनी सांगितला तेवढाच. त्या तरुण वयातही त्यांनी खोटं अगदी मापात केलं होतं. झाड आक्कांच्या रानात आलं. तात्या काठी टाकून हात जोडून आक्कांपुढे उभे राहिले.

"आक्का, म्या तुमच्या मालकाला फसवलं. त्यो तर गेला. म्हून तुमाला सांगतो."

आक्कांनी पदर खोचला. "मला ठावं हाय की."

"काय?"

"दगूड. त्याच साली कळलं. ह्यांनी पेरायला पाभर घातली तर एक फेरी कमी भरली. म्हनले, मोजणीदारानं गंडवलं, जातो कचेरीत. मीच न्हाय जाऊ दिलं. म्हनलं, झाड आपल्यात आलं की तुमी तोडनार, मग मी पत्रावळ्या कशाच्या लावू? सबंध गावाची लग्नं माझ्या पत्रावळीवर हुयाची तवा. सरकारचंच ऱ्हाऊ द्या झाड, म्हनलं."

तात्यांचे जोडलेले हात खाली आले. "मग... मग कवा सांगितलं का न्हाय?"

"सांगायलाच तर च्याला बोलवत हुते! तुमी उंबऱ्याच्या आत आला कवा?"

मी यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती. आक्का सरपंचांकडे वळल्या. "आता झाड माझ्यात हाय. मुरूम टाका न्हायतर सोनं टाका, पर त्या बाजूनं. हिकडं कोन हात लावतंय ते बगते मी."

पुढचं आधीच सांगून टाकते. तात्यांचा अर्ज फायलीला लागला आणि तिथेच राहिला. चार-पाच जणांनी मात्र आपले बांध पुन्हा मोजून मागितले, सगळे तात्यांनी मोजलेले. मीच मोजले. प्रत्येक ठिकाणी जाताना छाती धडधडायची. सगळे दगड जागच्या जागी निघाले. शेवटच्या मोजणीचा कागद मी त्यांच्या घरी नेऊन दाखवला. त्यांनी तो भिंग लावून वाचला आणि घडी घालून परत दिला. मला ते फार आवडायचे. हे त्यांना कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते.

पण त्या शनिवारी माणसं पांगल्यावर आक्कांनी पुन्हा हाक मारली नाही. त्या सरळ घरात गेल्या आणि स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला. तात्या थोडा वेळ झाडाखाली उभे राहिले. मग काठी उचलली, उंबरा ओलांडून आत गेले आणि बाजेवर बसले. पिशवीतून वही काढली. निरवांगीच्या पळसाचं पान उघडलं आणि पहिल्या रकान्यापासून लिहायला लागले. हजर. हजर. हजर. प्रत्येक वर्षाला थांबून, अक्षर न बिघडवता. आक्का कप घेऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या तरी लिहून झाल्याशिवाय त्यांनी मान वर केली नाही.

मग कप घेतला, एक घोट प्यायले आणि तोंड वाकडं केलं.

"साखर जास्त झाली, आक्का."

"हुईल न्हाय तर काय," आक्का म्हणाल्या. "इतक्या वरसांची साठल्याली हाय."

तात्यांनी कप रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.